मदत मागतात, पण दुसऱ्याच नावाने

कळवा, दिवा, घणसोली किंवा कोपरखैरणे येथील कोणत्याही फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात रात्री नऊनंतर, म्हणजे कामावरून लोकलने परतलेली माणसे येऊ लागतात त्या वेळी, थोडा वेळ बसून पाहिले तर पंचविशीच्या आसपासचे तरुण बऱ्याच संख्येने दिसतात. त्यांच्या तक्रारीही ठरावीक असतात: अ‍ॅसिडिटी होते, झोप लागत नाही, डोके जड राहते, छातीत धडधडते, अंगात ताकद वाटत नाही. यांतील अनेकांना खरोखरच पोटाचा, रक्ताचा किंवा थायरॉइडचा त्रास असतो आणि तो तपासणीत सापडतो. काहींचे सगळे रिपोर्ट मात्र नॉर्मल येतात. गोळ्यांनी दोन दिवस बरे वाटते आणि पंधरवड्याने ते त्याच तक्रारी घेऊन पुन्हा त्याच बाकावर येऊन बसतात.

‘तरुण पुरुष मानसिक त्रासासाठी मदत मागत नाहीत’ हे विधान इतक्या वेळा केले जाते की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. हे तरुण मदत मागतात, पण ती मनाच्या नावावर मागत नाहीत. पोटाच्या, झोपेच्या, अशक्तपणाच्या, कधी ‘एक पेग मारू या का’ अशा आमंत्रणाच्या नावावर मागतात. आणि ज्या दारात ती मागितली जाते तेथे पुष्कळदा तिचे खरे नाव ओळखले जात नाही. असे का होते, त्यात त्या तरुणाच्या स्वभावाचा भाग किती, आपल्या भाषेचा किती आणि ओपीडीच्या वेळापत्रकाचा किती, हे या लेखात सोपे करून सांगण्याचा प्रयत्न आहे.

आधी प्रश्नाचा आकार पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यांतील जवळपास ७२ टक्के पुरुष होते. महाराष्ट्रातील नोंद २२,७४६ म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होती. वयोगटांनुसार पाहिले तर १८ ते ३० या गटाचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास आहे, आणि व्यवसायानुसार पाहिले तर रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा वाटा २६ टक्क्यांहून अधिक आहे. हे शेवटचे प्रमाण मुद्दाम लक्षात ठेवावे, कारण पुढे ‘मानसिकता बदला’ असे कोणी सांगू लागले की ते आठवायला हवे.

दुसरीकडे, नैराश्य हे पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळते असे जगभरातील बहुतेक पाहण्या सांगतात. मग ज्यांना नैराश्य कमी तेच जीव अधिक देतात, हे कोडे कसे सोडवायचे? याच्या उत्तराचा एक भाग मोजण्याच्या पट्टीत आहे. नैराश्याच्या नेहमीच्या प्रश्नावलीत उदास वाटणे, रडू येणे, कशातच रस न वाटणे, स्वतःला दोष देणे अशा गोष्टी विचारल्या जातात. अनेक पुरुषांमध्ये तोच आजार चिडचिड, भांडणे, बेफाम बाइक चालवणे, वाढलेली दारू किंवा रात्रंदिवस कामात बुडून जाणे अशा रूपांत दिसतो आणि त्याला आपण स्वभाव म्हणतो. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही दुसऱ्या प्रकारची लक्षणेही मोजणीत धरण्यात आली, तेव्हा स्त्री आणि पुरुष यांच्यातील नैराश्याच्या प्रमाणातील तफावत जवळजवळ नाहीशी झाली. तो अभ्यास तिकडच्या लोकांचा आहे, तो इकडे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण घरात ‘हल्ली फार तापट झालाय’ म्हणून ज्याची तक्रार होते, त्या मुलाकडे निराळ्या नजरेने पाहायला तो पुरेसा आहे.

आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता. त्यात कोणत्या ना कोणत्या मानसिक आजाराने त्या वेळी त्रस्त असलेल्या प्रौढांचे प्रमाण १०.६ टक्के आढळले. पुरुषांमधले प्रमाण स्त्रियांपेक्षा जास्त होते आणि त्याचे मोठे कारण दारू व इतर व्यसने हे होते. नैराश्य आणि चिंता यांसारखे नेहमीचे आजार असलेल्या शंभर जणांपैकी सुमारे ८५ जणांना कोणताही उपचार मिळत नव्हता. म्हणजे उपचारांपासून दूर राहणे ही केवळ तरुण मुलांची खोड नाही, तो आपल्या सगळ्यांचा शिरस्ता आहे; तरुण मुलांच्या बाबतीत त्याला काही खास पदर आहेत, एवढेच.

शरीर खोटे बोलत नाही

मनाचा त्रास शरीराच्या नावावर सांगणारा तरुण नाटक करत नसतो. गर्दीने खच्चून भरलेल्या लोकलमध्ये, ठाणे स्थानक सुटल्यावर अचानक ज्याची छाती आवळून येते, हातांना मुंग्या येतात आणि आपण आता मरणार असे वाटू लागते, त्याच्या शरीरात त्या क्षणी खरोखर काही घडत असते. मेंदूने धोक्याचा इशारा दिलेला असतो, अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरलेले असते, हृदयाचे ठोके वाढलेले असतात. श्वास जलद झाल्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यातूनच मुंग्या व गरगरणे सुरू होते. हा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरतो. तोवर तो तरुण पुढच्या स्थानकावर उतरून इस्पितळात पोहोचलेला असतो. तेथे ईसीजी नॉर्मल येतो.

छातीत पहिल्यांदा दुखले तर ईसीजी काढायलाच हवा, यात वाद नाही. तरुणांनाही हृदयविकार होतो. अडचण ईसीजीनंतर येते. ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे डॉक्टर धीर देण्यासाठी म्हणतात, पण ऐकणाऱ्याला ते ‘तू उगाच आलास’ असे ऐकू येते. ‘तुमचे हृदय ठणठणीत आहे, पण तुम्हाला जे झाले त्याला पॅनिक अटॅक म्हणतात, तो पुन्हा येऊ शकतो आणि त्यावर चांगला उपचार आहे’ एवढी दोन वाक्ये अधिक बोलली गेली तर त्या तरुणाची पुढची दोन वर्षे आणि आणखी चार ईसीजी वाचू शकतात. पोटाचेही असेच आहे. आतड्यांना स्वतःचे मज्जातंतूंचे जाळे असते आणि मेंदूशी त्याचे सतत दळणवळण चालू असते. सततच्या ताणाने पोट बिघडते, हे म्हणूनच शब्दशः खरे असू शकते. ‘पोटात गोळा येणे’ हा वाक्प्रचार मराठीने उगाच केलेला नाही.

भिंतीवरची जाहिरात

या विषयावर लिहिताना एक गोष्ट सहसा टाळली जाते, ती मला सर्वांत बोलकी वाटते. मध्य रेल्वेच्या मार्गालगतच्या भिंतींवर आणि लोकलच्या डब्यांत ‘गुप्तरोग’, ‘धातू जाणे’, ‘कमजोरी’ अशा शब्दांच्या जाहिराती आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यांच्यावर हसून पुढे जाण्याची पद्धत आहे. पण त्या टिकून आहेत त्या अर्थी कोणीतरी तेथे जात आहे.

या तक्रारीला वैद्यकशास्त्रात नाव आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये तिचे ‘धात सिंड्रोम’ असे नामकरण केले. झोपेत किंवा लघवीवाटे वीर्य जाते आणि त्यामुळे आपली शक्ती नष्ट होत आहे, असा ठाम समज. त्यासोबत थकवा, भूक मंदावणे, चिंता, अपराधी वाटणे आणि कामात लक्ष न लागणे, असे याचे स्वरूप असते. आयुर्वेदात सांगितलेल्या सात धातूंपैकी शुक्र हा शेवटचा, रसापासून पायरीपायरीने तयार होणारा, म्हणून तो अनमोल, ही कल्पना आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. झोपेत वीर्यस्खलन होणे ही सर्वसाधारण शरीरक्रिया आहे आणि त्याने अशक्तपणा येत नाही. मात्र ही तक्रार घेऊन येणाऱ्या अनेकांमध्ये नैराश्य किंवा चिंतेचा विकार खरोखर आढळतो. म्हणजे त्रास खरा असतो, त्याचे लावलेले कारण चुकीचे असते.

आता त्या भिंतीवरच्या माणसाने काय केले ते पाहावे. त्याने तरुणाच्या तक्रारीला तरुणाच्याच शब्दांत हाक मारली. गुप्ततेची हमी दिली. दुखण्याला शरीरातले कारण दिले, म्हणजे ‘तू मनाने दुबळा आहेस’ असे कुठे म्हटले नाही. कोर्स किती दिवसांचा आणि किती रुपयांचा हेही सांगितले. त्याचे निदान चुकीचे, औषध बहुधा निरुपयोगी आणि पैसे उकळण्याची रीत संतापजनक. पण दार कसे असावे हे त्याला आपल्या अनेक जनजागृती मोहिमांपेक्षा चांगले कळले आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते.

मायकेल अ‍ॅडिस आणि जेम्स महालिक या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक निबंध लिहून ‘पुरुष मदत मागतच नाहीत’ या समजाला छेद दिला. त्यांचे म्हणणे असे की एकच पुरुष एका बाबतीत सहज मदत मागतो आणि दुसऱ्या बाबतीत जीव गेला तरी मागत नाही, म्हणून स्वभावाकडे बोट दाखवण्याऐवजी प्रसंगाकडे पाहावे. हा त्रास इतरांनाही होतो का? हा त्रास म्हणजेच मी, असे तर ठरणार नाही ना? मदत करणाऱ्याची मला कधी परतफेड करता येईल का? माझ्या टोळक्यात याबद्दल काय बोलले जाईल? आणि मदत घेतल्यावर सूत्रे माझ्या हातात राहतील की दुसऱ्याच्या? या प्रश्नांची उत्तरे जशी येतात तसा निर्णय होतो.

हे आपल्याकडे लावून पाहणे सोपे आहे. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टर्फवर रात्री अकराला क्रिकेट खेळताना ज्याचा गुडघा मुरगळतो, त्याला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चार मित्र चार ऑर्थोपेडिक डॉक्टर सुचवतात. लिगामेंट कोणाचेही जाऊ शकते, गुडघा म्हणजे मी नव्हे, उद्या त्याचा गेला तर मी घेऊन जाईन, आणि लंगडत कट्ट्यावर गेलो तर थट्टा झाली तरी अपमान होत नाही. सगळी उत्तरे अनुकूल. त्याच मुलाला तीन महिने पहाटे तीनला जाग येत असेल आणि उठून तो भिंतीकडे पाहत बसत असेल, तर त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे उलटी होतात.

ठाण्याचे आणखी एक उदाहरण हाताशी आहे. दहीहंडीच्या सरावात थर लागत असताना खालच्या माणसाचा खांदा सरकू लागला तर त्याने तसे ओरडून सांगायचे असते आणि वरचे थर उतरवायचे असतात. तेथे गप्प राहण्याला कोणी शौर्य म्हणत नाही, कारण वर चढलेल्या पोराचा जीव त्याच्या बोलण्यावर अवलंबून असतो. तेव्हा ‘मला झेपत नाही’ हे वाक्य आपल्या मुलांना येत नाही असे नाही. ते कुठे उच्चारता येते याची जागा ठरलेली आहे, आणि घर, ऑफिस व कट्टा या तीन जागा त्यात येत नाहीत.

‘लोड घेऊ नकोस’

भाषेचा वाटाही मोठा आहे. आपल्या बोलण्यात भीती, लाज, दुःख, एकटेपणा, पस्तावा, थकवा हे सगळे एका ‘टेन्शन’ या शब्दात कोंबलेले असते. परीक्षेचे टेन्शन, ईएमआयचे टेन्शन, वडिलांच्या डायलिसिसचे टेन्शन आणि मरावेसे वाटण्याचेही टेन्शनच. शब्द एकच असला की उत्तरही एकच मिळते: ‘लोड घेऊ नकोस.’ मित्राने ते प्रेमाने म्हटलेले असते, पण ते संभाषण संपवणारे वाक्य आहे. लहानपणापासून ‘बाईसारखा रडतोस काय’ हे ऐकलेल्या मुलाला पुढे आपल्याला नेमके काय वाटते ते ओळखणे आणि सांगणेच कठीण जाते, असे रोनाल्ड लेव्हंट या मानसशास्त्रज्ञाने मांडले आहे. भावना लपवणे आणि भावना न ओळखता येणे यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला ‘मन मोकळे कर’ असे सांगणे म्हणजे ज्याला लिपी येत नाही त्याला पत्र लिहायला बसवणे होय.

म्हणूनच ‘खरा पुरुष तोच, जो मदत मागतो’ अशा धाटणीच्या घोषणा मला पटत नाहीत. पुरुषपणाची परीक्षा त्या तशीच ठेवतात, फक्त पेपर बदलतात. त्यापेक्षा विराट कोहलीने २०२१ मध्ये एका मुलाखतीत जे सांगितले ते अधिक उपयोगी पडते. २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात धावा होत नव्हत्या, भोवती माणसे असूनही आपण अगदी एकटे आहोत असे वाटत होते, सकाळी उठताना आज धावा होणार नाहीत ही भावना असे, आणि ज्याच्याशी हे नीट बोलता येईल असा जाणकार माणूस जवळ नव्हता, असा त्याच्या सांगण्याचा आशय होता. त्यात उपदेश नव्हता, तपशील होता. आणि ऐकणाऱ्याला ‘हे माझ्यासारखे आहे’ असे तपशिलावरूनच ओळखता येते.

आता मदत जिथे मिळते त्या पत्त्याकडे येऊ. मुंबईकर एखाद्याची टर उडवताना ‘याला ठाण्याला पाठवा’ असे म्हणतो, पुणेकर ‘येरवड्याला’. ठाणेकराला हा टोमणा मारायला गावाबाहेरही जावे लागत नाही. १९०१ मध्ये सुरू झालेले ठाण्याचे मनोरुग्णालय हे पुणे, नागपूर आणि रत्नागिरी यांच्यासह राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. सव्वाशे वर्षांत त्या इमारतीचे नाव ही शिवी झाली आणि त्यामुळे ‘मानसोपचार’ म्हटले की उंच भिंती आणि गज डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात तेथे बाह्यरुग्ण विभाग चालतो, म्हणजे केसपेपर काढून, दाखवून, औषध घेऊन घरी जाता येते, आणि येणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना भरती व्हावे लागत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले आहेत. याच रुग्णालयाच्या काही जागेवर ठाणे आणि मुलुंड यांच्या दरम्यान नवे रेल्वे स्थानक उभारण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. ते पूर्ण झाले की रोज हजारो ठाणेकर तेथे उतरू लागतील आणि टोमण्याची धार कदाचित आपोआप बोथट होईल.

‘एकदा गेलो की कोंडून ठेवतील’ या भीतीवर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हे उत्तर आहे. प्रौढ व्यक्ती स्वतःच्या इच्छेने भरती झाली असेल तर तिला घरी जाण्याची मागणी करता येते. डॉक्टरांना धोका वाटला तर मूल्यमापनासाठी २४ तासांपर्यंतच थांबवता येते आणि त्यापुढचे सारे नियमांनी बांधलेले आहे. कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. अपवाद आहेत, उदाहरणार्थ कोणाच्या जिवाला धोका असणे किंवा न्यायालयाचा आदेश असणे; पण ‘मॅनेजरला कळेल’ किंवा ‘स्थळ मोडेल’ म्हणून ज्यांना भीती वाटते त्यांनी हे जाणून घ्यावे की घरच्यांच्या किंवा मालकाच्या नुसत्या विचारण्यावरून डॉक्टर ही माहिती देऊ शकत नाहीत. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायचे असते, आणि तिची काळजी घेणे व पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच वागवावे, असेही याच कायद्यात आहे. पॉलिसीत बाह्यरुग्ण उपचार धरले आहेत की नाहीत ते मात्र आधी वाचून पाहावे, कारण बहुतेकांची निराशा तेथे होते.

कायदा भीती कमी करतो, वेळ देत नाही. कळव्याला राहणारा, ऐरोलीच्या एखाद्या कंपनीत शिफ्टमध्ये काम करणारा, कंत्राटावर असलेला २६ वर्षांचा तरुण डोळ्यांसमोर आणावा. सरकारी ओपीडी बहुधा सकाळची असते आणि सकाळ म्हणजे त्याची खाडा धरली जाणारी वेळ. वाशीच्या मार्केटमध्ये माल उतरवणाऱ्याला तर एक दिवस बुडाला की त्या दिवसाचे पैसेच बुडतात. खासगी समुपदेशनाचे शुल्क महिन्यातून चारदा भरणे दोघांनाही परवडण्यासारखे नसते. देशात एक लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पुरता भरत नाही. हे प्रमाण सुमारे ०.७५ सांगितले जाते. अशा वेळी त्या तरुणाच्या ‘मानसिकतेवर’ व्याख्यान देणे मला अन्यायाचे वाटते. रोजंदारीचा तो २६ टक्क्यांचा आकडा आठवायचा तो यासाठी.

यावर एक वाट शेजारच्या गोव्यात चाचपून पाहिली गेली आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांशी थोडेसे प्रशिक्षण घेतलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी मोजक्या भेटींत पद्धतशीर संवाद साधला आणि त्याचा उपयोग झाल्याचे २०१७ च्या सुमारास एका वैद्यकीय चाचणीतून दिसले. ही माणसे मनाच्या दवाखान्यात गेलेली नव्हती. ती ताप-खोकल्यासाठी जिथे जात होती तिथेच मदत त्यांच्यापर्यंत आली. पहिल्या परिच्छेदातला रात्री नऊचा दवाखाना म्हणूनच महत्त्वाचा आहे.

कोणाकडे जायचे, तेथे काय होते

मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि ते औषधे देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाहीत. ते चाचण्या आणि मानसोपचार करतात, आणि त्यांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असावी लागते. समुपदेशक हा शब्द मात्र सैल आहे; शिक्षण कोठे झाले, अनुभव किती, असे सरळ विचारावे आणि विचारल्याचा राग आला तर दुसरीकडे जावे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था आहे, जिल्हा आणि महापालिका रुग्णालयांतही चौकशी करता येते. बाहेर पडणेच शक्य नसेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास उपलब्ध असते. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि तेथे मराठीतून बोलता येते. जीव द्यावासा वाटत असेल, तर या लेखाचा उरलेला भाग नंतर वाचावा आणि आधी तो क्रमांक लावावा किंवा जवळच्या रुग्णालयात जावे.

पहिल्या भेटीत बालपणाच्या आठवणी काढत कोचावर आडवे व्हावे लागत नाही. झोप, भूक, काम, दारू, घरातील आजार, कधीपासून त्रास आहे, मरणाचे विचार येतात का, असे प्रश्न विचारले जातात. ते बहुतेक ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘कधीकधी’ अशा उत्तरांचे असतात, त्यामुळे शब्द सापडत नसलेल्या माणसालाही उत्तरे देता येतात. अनेक ठिकाणी नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली वापरतात, ज्यात गेल्या दोन आठवड्यांत काय किती दिवस जाणवले ते सांगायचे असते. ‘मला नीट सांगता येत नाही, पण मी पूर्वीसारखा राहिलेलो नाही’ एवढे वाक्य सुरुवातीला पुरते.

औषधांविषयीच्या शंका खऱ्या असतात, त्या दाबू नयेत. नैराश्यावर नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांची नशा होत नाही आणि दारूसारखी तलफ येत नाही. पण त्या डॉक्टरांना न विचारता एकदम बंद केल्या तर गरगरणे, अस्वस्थपणा असे त्रास होऊ शकतात. त्यांचा उपयोग जाणवायला दोन ते सहा आठवडे लागतात, तर मळमळ, झोपेतील फरक असे दुष्परिणाम पहिल्याच आठवड्यात जाणवतात, म्हणून पुष्कळ जण नेमक्या चुकीच्या वेळी औषध सोडतात. काहींना लैंगिक इच्छा कमी होणे किंवा स्खलनास वेळ लागणे असा त्रास होतो. तरुण मुलगा हे कोणालाच सांगत नाही आणि गुपचूप गोळ्या बंद करतो. डॉक्टरांनी हे आपणहून आधी सांगावे. त्यांनी नाही सांगितले तर आपण विचारावे, कारण मात्रा किंवा औषध बदलता येते. सवय लागण्याचा धोका असतो तो काही झोपेच्या आणि घबराटीवरच्या गोळ्यांचा; त्या थोड्या दिवसांसाठी असतात आणि जुनी चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून परत परत आणायच्या नसतात. झोप यावी म्हणून घेतलेली दारू लवकर झोप आणते हे खरे, पण रात्रीचा उत्तरार्ध ती नासवते, आणि पहाटे तीनची जाग पुष्कळदा तिच्यामुळेच असते.

मित्राने काय करावे, हे विचारणारे बरेच असतात. समोरासमोर बसवून ‘बोल, तुला काय होतंय’ असे विचारल्यावर मुले मिटून जातात; शेजारी बसून, दोघांची नजर तिसऱ्याच गोष्टीकडे असताना ती बोलतात. तलावपाळीचा कट्टा, येऊरची चढण, बाइकची मागची सीट, परतीच्या लोकलमधला दरवाजा या जागा त्यासाठी चांगल्या आहेत. ‘तू ठीक आहेस ना?’ याचे उत्तर ‘हो रे, चाललंय’ असेच येते. त्याऐवजी पाहिलेली गोष्ट सांगावी: ‘तू तीन रविवार टर्फवर आला नाहीस, ग्रुपवर पण काही टाकत नाहीस. झोप होते का रे नीट?’ झोपेवरून सुरुवात केलेली बरी, कारण त्या नावावर मदत मागायला त्याला अवघड वाटत नाही. त्रासाचे खरे नाव आपण मागाहून घेऊ शकतो. शंका आली तर ‘मरावंसं वाटतं का?’ हेही सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्याने अनेकांना सुटल्यासारखे वाटते. उत्तर ‘हो’ आले तर कोणाला सांगणार नाही असे वचन देऊ नये, त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात सोबत जावे.

दवाखान्यात जायचे ठरले की त्याची फाइल आपण धरावी, केसपेपरच्या रांगेत आपण उभे राहावे आणि डॉक्टरांकडे मात्र त्याला एकट्याला जाऊ द्यावे. बाहेर आल्यावर ‘काय म्हणाले?’ असे विचारण्याची घाई करू नये, चहा घ्यावा. पुढची तारीख मात्र विचारून आपल्या मोबाइलमध्ये टाकून ठेवावी, कारण दुसऱ्या भेटीच्या दिवशी त्याला बहुतेक वेळा थोडे बरे वाटत असते आणि ‘आता काय गरज आहे’ म्हणून तो जात नाही.